महिन्याला टाकीभर पाणी

धुळ्याहून कुठलाही समुद्र दोनशे किलोमीटरच्या आत नाही. तरी देवपुरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत साठ लिटरचा एक समुद्र आहे. दोन फुटी काचेची टाकी, मागच्या कप्प्यात पंप आणि फिल्टर, वर निळा-पांढरा एलईडी दिवा. आत क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी) आणि सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ: झोआ, मशरूम, थोडी झेनिया. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पाण्याच्या टेस्ट करण्याचा मला कंटाळा नाही. उलट घरच्यांच्या मते टाकी मी माशांसाठी नाही, टेस्टसाठीच आणली.

टाकीत कडक सांगाड्याचे कोरल नाहीत, ते कायद्यामुळे. स्टोनी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. कोणी ‘सगळं मिळतं, फक्त बोलू नका’ म्हणून देऊ केलं तरी मला ते नको होतं. रॉकही समुद्रातला नाही, कारखान्यात बनवलेला कोरडा रॉक आहे. क्लाऊनही टाकीत जन्मलेले मिळतात. त्यांची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवून दिलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज उरत नाही.

दिवाळीनंतर टाकी लावली. थंडीच्या दिवसांत रॉकवर आणि वाळूवर तपकिरी भुकटी बसायला लागली. हे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते येतातच आणि बहुतेक वेळा आपले आपण जातात. बोट फिरवलं की धुळीसारखी निघतात, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही. धुळ्यात हिवाळा असा पडतो की टाकीत हीटर लावावा लागतो. पाणी उडतही नव्हतं फार. दोन-तीन दिवसांनी एखादा तांब्या पाणी घातलं की पातळी जागेवर.

खरी कथा मार्चमध्ये सुरू झाली. ऊन तापलं तसे टाकीवर दोन छोटे पंखे लावले. कॉम्प्युटरच्या डब्यात असतात तसलेच, पाण्यावर तिरपे वारा मारणारे. खान्देशातली कोरडी हवा या कामाला फार चांगली. पाणी झपाझप उडतं आणि उडताना टाकीची उष्णता घेऊन जातं. बाहेर चाळीस असताना टाकी अठ्ठावीसवर ठेवता येते, महागडा चिलर न लावता. पंखे लागले, टाकी थंड राहिली आणि रॉकच्या कडांवर हिरवे केस उगवायला लागले. आधी बारीक लव, मग पाव इंच, मग पंपाच्या प्रवाहात झुलणारे झुपके. पाहुणे म्हणायचे, किती छान हिरवळ आहे.

या केसाळ शेवाळाला ‘हेअर अल्गी’ म्हणतात, पण ती एक जात नाही. डर्बेसिया, क्लॅडोफोरा, ब्रायोप्सिस अशा कितीतरी त्यात येतात आणि उपाय जातीप्रमाणे बदलतो. ब्रायोप्सिस ओळखायला सोपं असतं, कारण त्याचा धागा पिसासारखा, मधे देठ आणि दोन्ही बाजूंना फुटवे असा दिसतो. ते असलं तर लोक फ्लुकोनॅझोल वापरतात, माणसांच्या बुरशीवर देतात तेच औषध, ठरलेल्या मापाने पाण्यात विरघळवून. मी एक झुपका चिमट्याने उपटून कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली धरला. साधे, न फुटलेले, बिनपिसांचे धागे. म्हणजे औषधाचा प्रश्न मिटला.

मग सल्ले सुरू झाले. माशांच्या दुकानात ‘अँटी-अल्गी’ नावाची बाटली पुढे केली गेली. लेबलवर बारीक अक्षरात कॉपर सल्फेट. गोड्या पाण्याच्या टाकीत ते चालत असेल, पण तांबं श्रिंप, गोगलगायी आणि कोरल यांना मारतं आणि रॉकमध्ये मुरून पुढे कित्येक महिने सुटत राहतं. बाटली परत ठेवली. दुसरा सल्ला दिव्याचा: लाइट कमी करा. पांढरा चॅनल उतरवला, वेळ आठ तासांवर आणली. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा तसाही उन्हाळ्यात लावतोच. वाढ मंदावली, थांबली नाही. उजेड हा शेवाळाचा चुलीचा जाळ आहे, पण शिधा कुठून येतो हे कळल्याशिवाय नुसता जाळ कमी करण्यात मला अर्थ वाटत नव्हता.

शिधा म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. टाकीचं पाणी तपासलं तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट जवळजवळ शून्य. इथे बरेच जण फसतात. टेस्ट फक्त पाण्यात उरलेलं मोजते. शेवाळाने आधीच खाऊन टाकलेलं त्यात कसं दिसणार? टाकीत शेवाळ भरभरून आणि आकडा शून्य, याचा अर्थ शिधा येतोय तेवढा लगेच संपतोय. तेव्हा टाकी तपासायची सोडून टाकीत काय काय पडतं ते तपासायचं ठरवलं.

माशांना खाणं मी मोजूनच घालत होते. क्लाऊनच्या जोडीला लागतं किती? मिठाचं पाणी दर आठवड्याला थोडं बदलत होते, ते मीठही चांगलं. उरलं रोजचं भरपाईचं पाणी. मग कागदावर हिशेब मांडला. दोन्ही पंखे चालू असताना दिवसाला साधारण दोन लिटर पाणी उडतं. महिन्याला साठ लिटर. म्हणजे दर महिन्याला माझी अख्खी टाकी हवेत जाते आणि तेवढंच नवं पाणी मी त्यात ओतते. उडताना फक्त पाणी उडतं, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. हिवाळ्यात हा ओघ नगण्य होता, मार्चपासून तो वाढला, आणि शेवाळ मार्चपासूनचं. मुंबईत किंवा कोकणात दमट हवेत टाकी सांभाळणाऱ्यांना हा आकडा खोटा वाटेल. त्यांचं पाणी इतकं उडतच नाही.

भरपाईचं पाणी घरच्या आरओचं होतं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी तापीचं, कधी नकाणे तलावाचं, मधल्या दिवसांत सोसायटीची बोअर. सगळं एकाच हौदात. बोअरचं पाणी चाखलं तरी जड लागतं, आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) नऊशे पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नऊशे भागांच्या, आसपास दाखवतो. आरओमधून निघालेलं पाणी तपासलं तर सत्तर. पिण्याच्या आरओत हे मुद्दामच केलेलं असतं. पाण्याला चव राहावी म्हणून थोडं पाणी मेम्ब्रेनला (क्षार अडवणाऱ्या पडद्याला) वळसा घालून पुन्हा मिसळलं जातं. मशिनच्या पाठीमागे एक छोटा प्लास्टिकचा स्क्रू असतो, तो त्याचाच. माणसांना सत्तर टीडीएसचं पाणी उत्तम. माझ्या टाकीला ते महिन्याला साठ लिटर.

त्याच पाण्यात नायट्रेटची टेस्ट लावली. पाच ते दहा पीपीएमच्या मधला रंग आला. आमच्या भागात कपाशी आणि केळी, दोन्हीला खत भरपूर, आणि खतातलं नायट्रेट जमिनीतून झिरपून बोअरला येतं यात नवल नाही. शिवाय आरओचं मेम्ब्रेन कॅल्शियम-मॅग्नेशियम जितकं अडवतं तितकं नायट्रेट अडवत नाही. म्हणजे मी स्वच्छ समजून टाकीत रोज पातळ खत घालत होते.

सिलिकाचा नंबर नंतर लागला, निव्वळ उत्सुकतेपोटी. धुळ्याखाली सगळा बेसॉल्ट, काळा पत्थर. त्यातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असतेच, आणि डायटम आपलं कवच सिलिकेचंच बांधतात. टीडीएस मीटरला ती नीट दिसत नाही, कारण समुद्राच्या किंवा साध्या पाण्याच्या पीएचला बहुतेक सिलिका आयन न होता सिलिसिक आम्ल म्हणून राहते आणि मीटर तर फक्त विजेचं वहन मोजतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक दुपार मोकळी होती. आरओचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत नेलं, कारण काचेतूनही थोडी सिलिका सुटते. त्यात आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घातलं. थोड्या वेळाने पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं. फॉस्फेटही असाच रंग देतं, म्हणून ऑक्झॅलिक आम्ल टाकलं. त्याने फॉस्फेटचा रंग मोडतो, सिलिकेचा टिकतो. पिवळा टिकला. लॅब असिस्टंट भाऊ म्हणाले, “मॅडम, प्रॅक्टिकलला या बॅचला घ्यायचं का हे?” घेतलंही पुढे.

आता पाणी शून्यावर आणायचं कसं? पर्याय बरेच सुचवले गेले. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी काही कॅनमध्ये टीडीएस दोन दाखवतं, काहींत तीस. कॅनवरचं नाव तेच. भरवसा नाही. एसीतून गळणारं पाणी फुकट आणि टीडीएसला चांगलं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं. वर तांब्याबद्दल लिहिलंच आहे. शेवटी जुना पण सरळ रस्ता धरला. आरओच्या मागचा स्क्रू पूर्ण बंद करून घेतला (पिण्यासाठी वेगळा नळ काढला) आणि पुढे डीआय रेझिनची एक उभी नळी जोडली. डीआय म्हणजे धन आणि ऋण, दोन्ही आयन पकडणारे रेझिनचे मणी एकत्र. आरओनंतर टीडीएस चाळीस आणि डीआयनंतर शून्य.

आरओ दुरुस्त करायला आलेल्या मुलाला हे पटेना. “मॅडम, शून्य टीडीएसचं पाणी पिऊ नका हां, हाडं ठिसूळ होतील.” मी म्हटलं, मासे पिणार आहेत. तो टाकीकडे बघत राहिला. बहुधा पुढच्या घरी जाऊन ही गोष्ट त्याने सांगितली असावी.

रेझिनबद्दल एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण ती कळेपर्यंत लोक पैसे वाया घालवतात. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी निसटते ती सिलिका, आणि तेव्हा मीटर अजून शून्य किंवा एकच दाखवत असतो. म्हणून मीटरवर एक-दोन दिसायला लागलं की मी थांबत नाही, बदलते. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर नळीत रंगाची रेघ वर सरकताना दिसते, ते सोयीचं. वापरलेलं रेझिन आम्ल आणि कॉस्टिक वापरून पुन्हा जिवंत करता येतं, हेही मला माहीत आहे. पण धन-ऋण मणी आधी वेगळे करायचे, मग धन मण्यांना आम्ल, ऋण मण्यांना कॉस्टिक, मग धुणं. एवढ्या उपद्व्यापात नवीन रेझिन स्वस्त पडतं.

ओघ थांबला, पण टाकीतलं जंगल तसंच. ते हातानेच काढायला लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही. रविवारी सकाळी, पाणी बदलायच्या वेळी बसायचं. एका हातात लांब चिमटा, दुसऱ्या हातात बारीक नळी. नळीच्या तोंडाशी झुपका धरून मुळापासून ओढायचा, म्हणजे तुटलेले धागे टाकीत न पसरता थेट बादलीत जातात. रॉकच्या खळग्यातलं शेवाळ मुळाशी इतकं घट्ट असतं की ओढताना रॉकचे दाणे सोबत येतात. बोटांना बुळबुळीत, नाकाला ओल्या किनाऱ्याचा वास. बादलीत गोळा झालेला हिरवा लगदा सासूबाईंना फुलझाडांना घालायचा होता. मिठामुळे झाडं जळतील हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. मग त्यांचा मूळ प्रश्न आला, जो त्या अधूनमधून विचारतातच: “हाई शेवाय काढाले इतला पैसा कसाले?” मी म्हटलं, शेवाळ काढायला पैसे लागत नाहीत, येऊ न द्यायला लागतात. “मासा दिसतस ना, मंग?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जिथे चिमटा पोचत नाही तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते साधारण सहा टक्क्यांचं. रीफवाले, म्हणजे अशी प्रवाळाची टाकी सांभाळणारे, सांगतात ते तीन टक्के, म्हणून त्यात तेवढंच डीआयचं पाणी घालून पातळ करायचं. पाणी बदलताना पातळी खाली गेली की वरचा रॉक उघडा पडतो. पंप बंद करायचा, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब शेवाळाच्या मुळाशी सोडायचा. लगेच बारीक फेस येतो, चर्र असा अगदी हलका आवाज कान जवळ नेला तर ऐकू येतो. दोन मिनिटं थांबून, बादलीतल्या काढलेल्या खाऱ्या पाण्याने तो भाग धुऊन घ्यायचा आणि मग टाकी भरायची. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी शेवाळ पांढरं पडतं आणि मग श्रिंप आणि पंप मिळून त्याचा फडशा पाडतात. श्रिंप पेरॉक्साइडला नाजूक असतात, झेनियाही. त्यामुळे त्यांच्या आसपास मी हे केलं नाही.

झोआ असलेला रॉक मात्र कधीही उकळत्या पाण्यात घालू नका, सुकवून घासू नका. शेवाळ मारायला ही सोपी युक्ती वाटते, म्हणून लिहिते. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं, आणि उकळताना निघालेल्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. मी झोआजवळ हात घालताना हातमोजे आणि लॅबमधला चष्मा लावते. घरात हसतात. हसू देत.

एप्रिलअखेर शेवाळ निम्म्यावर आलं होतं. मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. नणंद माहेरी आली, दोन भाचे सोबत. अंगणात झोका, रात्री गाणी, खापरावरचे मांडे, सगळं साग्रसंगीत. मी मांडे करण्यात गुंतलेली असताना भाच्यांनी माशांचा उपवास सोडवला. घरची तिखट शेव. मासे काही खात नव्हते, म्हणून आणखी. मी आले तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग आणि वाळूवर बेसन. पाणी लगेच बदललं, जेवढं निघालं तेवढं काढलं, पण चार दिवसांनी फॉस्फेट मोजलं तर 0.2 पीपीएमच्या वर. (माझं यंत्र फॉस्फरस मोजतं, त्याला 3.07 ने गुणलं की फॉस्फेट. हा गुणाकार विसरणारे कित्येक भेटतात.) मला ते 0.03 ते 0.1 च्या मधे हवं असतं.

नाशिकच्या एका ओळखीच्या रीफवाल्यांनी लोखंडी मीडिया सुचवला. लोखंडाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे, फॉस्फेट धरून ठेवणारे. पिशवीत भरून मागच्या कप्प्यात ठेवतात. पाकिटावरच्या मापाच्या निम्मे वापरले, कारण फॉस्फेट एकदम खाली खेचलं की कोरलला धक्का बसतो. तरीही ते भराभर उतरलं. शिवाय रॉक कोरडा, कॅल्शियम कार्बोनेटचा. फॉस्फेट पाण्यात जास्त असलं की रॉक ते स्वतःत घेतो, पाण्यात कमी झालं की परत सोडतो. त्यामुळे आकडा खाली-वर, खाली-वर. झोआ अर्धवट मिटलेल्या राहायला लागल्या. हिरवे केस पिवळे पडले, हे मात्र खरं.

मेच्या मध्यावर, पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना, वाळूवर लालसर-जांभळा थर पसरला. सकाळी कमी, दुपारी दिवा लागला की जास्त, त्यात बुडबुडे अडकलेले. हे सायनोबॅक्टेरिया. लोक याला ‘लाल शेवाळ’ म्हणतात, पण ते शेवाळ नाही, बॅक्टेरिया आहेत, पृथ्वीवर ऑक्सिजन बनवणाऱ्या सर्वांत जुन्या जिवांपैकी. चिमट्याने कडेला धरून उचललं तर अख्खी चादर सोलून येते, दुधावरची साय निघावी तशी. खाली वाळू स्वच्छ.

सायनोला उबदार, संथ पाणी फार आवडतं. आणि हवेतलं नायट्रोजन घेऊ शकणाऱ्या त्यांच्या जाती नायट्रेट शून्य असताना बाकीच्यांवर बाजी मारतात. माझ्या टाकीत नेमकी तीच परिस्थिती होती. डीआयमुळे बाहेरून येणारं नायट्रेट बंद, टाकीतलं शून्य, तापमान तीसच्या आसपास. पंखे असतानाही तीस, कारण घरात कूलर सुरू झाला होता. माणसांना कूलर हवाच. पण कूलर खोलीत दमटपणा आणतो, आणि दमट हवेत टाकीवरचे पंखे काम कमी करतात. कूलर बंद केला तर खोलीच तापते. शेवटी कूलर टाकीच्या विरुद्ध खिडकीला नेला, मागचं दार थोडं उघडं ठेवलं आणि टाकीची खोली दुपारी अंधारी. तापमान एक-दीड अंशाने उतरलं. मोठा फरक वाटत नाही, पण क्लाऊनच्या कल्ल्यांची धाप कमी झाल्याचं दिसत होतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यातच वीज गेली की पंप बंद, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारीच ठेवलेला असतो. मेमध्ये वीज न सांगता जाते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको.

सायनोवर लोक एरिथ्रोमायसिन घालतात. अँटिबायोटिक पाण्यात ओतणं मला पटत नाही, आणि ते फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांनाही सोडेलच असं नाही. मी लोखंडी मीडिया काढून टाकला, पंपाचं तोंड वाळूकडे वळवलं, दर पाणी बदलताना चादरी नळीने ओढून काढल्या. आणि शेवाळाशी भांडणाऱ्या माणसाला विचित्र वाटेल असं एक काम केलं: टाकीत नायट्रेट घातलं. लॅबच्या दर्जाचं पोटॅशियम नायट्रेट विरघळवून, मोजून, थोडं थोडं, दर वेळी टेस्ट करत, पाचच्या आसपास आणलं. कोणी मार्चमध्ये सांगितलं असतं की मे महिन्यात आपण हाताने नायट्रेट घालू, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तेव्हा ते येत होतं किती, कशासोबत आणि कधी, यावर माझा काही ताबा नव्हता. सिलिका, क्षार, सगळी वरात सोबत. आता मोजून होतं.

पहिला पाऊस पडला आणि गोगलगायी मागवल्या. त्याआधी मागवण्यात अर्थ नव्हता. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या डब्यात येतात, आणि उन्हाळ्यात गाडी कसारा ओलांडून पहाटे हायवेला पोचेपर्यंत डबा गरम झालेला असतो. पावसाळ्यात आल्या त्या धडधाकट आल्या. टर्बो जातीच्या थोड्या आणि बारीक सेरिथ काही. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबाथेंबाने सोडत बराच वेळ लावला, कारण गोगलगायींना क्षाराचा बदल एकदम सोसत नाही. टर्बो पहिल्याच रात्री कामाला लागल्या. काचेवर जिथून गेल्या तिथे स्वच्छ पट्टे, वळणावळणाचे. अवगुण एकच, धसमुसळेपणा. सैल ठेवलेला मशरूमचा तुकडा पाडायचा, झोआवरून रणगाड्यासारखं जायचं. सगळं गमने चिकटवून ठेवावं लागलं. टँग मासा शेवाळ खातो म्हणून साठ लिटरमध्ये टाकणारे आहेत. तो मासा वीतभर तर होतोच, त्याला पोहायला मैदान लागतं. त्याच्या आयुष्याशी खेळण्यापेक्षा चिमटा बरा.

गणपतीपर्यंत रॉकचा मूळ रंग दिसायला लागला आणि मागच्या काचेवर जांभळे ठिपके उमटले. हेही शेवाळच, कोरलाइन, पण कठीण, कॅल्शियमचं कवच असलेलं, आणि जिथे ते बसतं तिथे केसाळाला जागा कमी मिळते. ते मी घासत नाही. हिरवे केस संपलेले नाहीत. पंपाच्या मागे, जिथे ना हात जातो ना टर्बो, तिथे एक झुपका आहेच, आणि रविवारी चिमटा घेऊन बसणंही सुटलेलं नाही. कमी वेळ बसते एवढंच.

धुळे, जळगाव, भुसावळकडे कोणी अशी टाकी लावायच्या विचारात असेल तर दिव्याआधी टीडीएस मीटर घ्या, आणि फेब्रुवारी संपायच्या आत नवीन रेझिन घरात आणून ठेवा. पंखे सुरू झाले की ते किती भराभर संपतं याचा अंदाज हिवाळ्याच्या वापरावरून येत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यावर तर नाहीच. मेम्ब्रेन जितकं नवं आणि दाब जितका चांगला, तितकं रेझिन टिकतं. म्हणून आरओच्या आधीचा, गाळ अडवणारा साधा सेडिमेंट फिल्टरही वेळेवर बदला.

एक प्रश्न मात्र सासूबाईंचाच योग्य होता, पैशाचा नव्हे, पाण्याचा. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस कॅलेंडरवर बघावा लागतो. त्यामुळे आरओची वाया जाणारी नळी आता मोरीतल्या पिंपात सोडली आहे. कूलरला ते पाणी घातलं नाही, पॅडवर पांढरे थर बसतात. कपडेही त्यात नीट धुतले जात नाहीत, साबणाला फेसच येत नाही. फरशी, ओटा, गाडी आणि संडास, एवढ्याला ते पुरतं आणि उरत नाही. पिंपाचा ताबा सासूबाईंकडे आहे. पिंप भरलेलं असेल तर टाकीसाठी आरओ लावू देत नाहीत, आधी फरशी पुसून घ्या म्हणतात.